मोरी, गिरणी आणि पित्ताची गोळी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ येतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. जिना चढताना दम लागतो का, दात हलतो का, याआधी कधी भूल दिली होती का, कसली अ‍ॅलर्जी आहे का. आमच्या मराठवाड्यात किंवा पलीकडे तेलंगणात एखादा जुनाजाणता भूलतज्ज्ञ आणखी एक प्रश्न विचारू शकतो, आणि तो ऐकून नातेवाईक चपापतात: “तुम्ही आर्य वैश्य का?”

ऐकणाऱ्याला ती जातीची चौकशी वाटते. विचारणाऱ्याच्या डोक्यात मात्र स्कोलीन असतं. घशातून श्वासनळीत नळी घालताना स्नायू ढिले पडावेत म्हणून शिरेतून देतात ते हे औषध, पुस्तकी नाव सक्सामेथोनियम. मिनिटभराच्या आत माणूस लुळा पडतो, श्वासाचे स्नायूसुद्धा थांबतात, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. पूर्ववत होतं कारण रक्तातलं एक एन्झाइम स्कोलीनचे भराभर तुकडे करतं. काही थोड्या माणसांत हे एन्झाइम जन्मापासून जवळजवळ काम करत नाही. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून त्याच्या जनुकाची बिघडलेली प्रत आलेली असते. गंमत म्हणजे त्याचा त्रास काहीच नसतो. जेवण पचतं, शाळा होते, लग्न होतं, नातवंडं होतात. कळतं ते फक्त स्कोलीन टोचल्यावर, कारण पाच मिनिटांचं औषध मग काही तास उतरतच नाही. व्हेंटिलेटरवर शांतपणे वाट पाहिली तर माणूस सुखरूप घरी जातो. पण काय घडतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पंचाईत.

हा दोष जगभर तुरळक सापडतो. आर्य वैश्य समाजात तो इतरांच्या सुमारे शंभरपट आढळतो, कारण पिढ्यानपिढ्या लग्नं समाजातल्या समाजातच झाली आणि एखाद्या जुन्या पूर्वजाची ती प्रत फिरून फिरून दोन्ही बाजूंनी एकत्र येत राहिली. त्या एका प्रश्नामागे एवढा इतिहास आहे.

मी मेडिकल चालवतो. दिवसभर काउंटरवरून पाकिटं सरकवताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाकिटावर जो डोस छापला आहे तो समोरच्या माणसासाठी आहे. खरं तर तो सरासरी माणसासाठी असतो, आणि हा सरासरी माणूस माझ्या दुकानात अजून आलेला नाही.

आता थोडं यकृताबद्दल. शरीराला औषध आणि विष यांत फरक करता येत नाही. बाहेरची वस्तू आली की ती बाहेर काढायची, एवढंच त्याला ठाऊक. बरीचशी औषधं तेलकट स्वभावाची असतात, पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे लघवीवाटे सहज जात नाहीत. यकृतातली एन्झाइमं त्यांना थोडं कापतात, थोडं जोडतात आणि पाण्यात मिसळण्याजोगं करतात. या कामातलं सर्वांत मोठं घराणं म्हणजे सायटोक्रोम पी-४५०. माणसात त्याची ५७ जनुकं आहेत, पण औषधांचा बराचसा भार पाच-सहा जणांवरच पडतो. त्यांची नावं गाडीच्या नंबरप्लेटसारखी: ३ए४, २डी६, २सी९, २सी१९. घाबरू नका, पुढे यातली दोनच लक्षात ठेवायची आहेत.

मी गिऱ्हाइकांना हे समजावताना मोरी आणि गिरणी म्हणतो. बहुतेक औषधं गिळतो तेव्हाच ‘चालू’ असतात. एन्झाइम त्यांची मोरी असतं, म्हणजे वापरून झालेलं पाणी वाहून नेणारं. मोरी तुंबली तर पाणी घरात साचतं, तसं औषध रक्तात साचतं आणि साध्या डोसनेही अंगावर येतं. मोरी जास्तच मोठी असेल तर पाणी टिकत नाही, औषध लागू पडत नाही. काही औषधं मात्र गव्हासारखी असतात. गहू घरात आहे म्हणून पोळी होत नाही, आधी दळून आणावा लागतो. अशा औषधांसाठी तेच एन्झाइम गिरणी असतं. गिरणी बंद, तर पोतंभर गहू असून घर उपाशी. म्हणजे एकाच एन्झाइमचं जनुक मंद असेल तर एका औषधाचा अतिरेक होतो आणि दुसरं औषध फुकट जातं. ‘मला औषधं सोसतच नाहीत’ किंवा ‘मला कुठल्याही गोळीनं काही होत नाही’ असं सरसकट म्हणणारे दोघंही म्हणूनच अर्धे चुकतात. ते औषधागणिक बदलतं.

मोरीचं उदाहरण पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही, टीबी आहेच. आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आलं आणि थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की तेवढाच डोस दिल्यावर काही रुग्णांच्या रक्तातलं औषध तासा-दीड तासात निम्म्यावर येतं, तर काहींना त्यासाठी तीन-चार तास लागतात. मधले लोक फार कमी. दोन वेगळे गट पडतात. हे काम करणारं एन्झाइम पी-४५० घराण्यातलं नव्हे, त्याचं नाव एन-ए-टी-२. आपल्या देशात साधारण दहातले सहा जण मंद गटातले. जपानात मंद माणसं दहात एखादं. मंद माणसाच्या अंगात आयसोनियाझिड जास्त वेळ राहतं आणि ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. मग हातापायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात. टीबीच्या गोळ्यांबरोबर ब-६ ची छोटी गोळी का देतात, हे मला कितीतरी रुग्ण विचारतात. ताकद यावी म्हणून असेल, असं बहुतेकांनी स्वतःच ठरवलेलं असतं आणि परवडत नाही तेव्हा आधी तीच बंद करतात.

मग जलद गटाचं काय? १९५६ मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. रुग्णाला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरीच बरं करता येतं, हे जगाला दाखवणारं तेच केंद्र. तिथे आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिलं तेव्हा जलद गटातल्या रुग्णांना त्याचा फायदा कमी झाला. औषध यायचं आणि निघून जायचं, जंतूंना सहा दिवस मोकळीक. रोज औषध दिलं की दोन गटांतला हा फरक फारसा उरत नाही. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो: जनुक तपासायची सोय नसतानाही फक्त वेळापत्रक बदलून त्या लोकांनी जनुकावर मात केली. आज सरकारी टीबी कार्यक्रमातल्या गोळ्या वजनाच्या हिशेबाने, रोज दिल्या जातात. त्यात एन-ए-टी-२ कुणी तपासत नाही आणि बहुतेकांचं त्यावाचून अडतही नाही.

अडतं ते दुसरं औषध सोबत आलं की. समजा एकाला फिट्स येतात आणि तो बरीच वर्षं फेनिटॉइन घेतोय. त्याला टीबी झाला. आयसोनियाझिड स्वतः साफ व्हायला एक मोरी वापरतं, आणि जाता जाता फेनिटॉइनच्या मोरीत बोळा कोंबतं. जलद गटातल्या माणसात हा बोळा लवकर निघतो. मंद गटातल्या माणसात तो दिवसभर तसाच राहतो, फेनिटॉइन साचत जातं आणि महिनाभरात माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, डोळे भिरभिरतात, झोप अनावर होते. घरच्यांना वाटतं टीबी मेंदूत गेला. दोन औषधांची ही भांडणं डॉक्टरांच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेली असतात, ‘एकत्र देताना काळजी घ्या’. ती काळजी कुणाच्या बाबतीत जास्त घ्यायची, हे त्या माणसाच्या आईवडिलांनी त्याच्या जन्माआधीच ठरवलेलं असतं.

त्यातच टीबीच्या पाकिटात रिफाम्पिसिनही असतं, लघवी केशरी करणारं. त्याचा स्वभाव नेमका उलटा. ते यकृताकडून जास्तीची एन्झाइमं तयार करवून घेतं, म्हणजे घरात नव्या मोऱ्या खोदतं. आठवडा-दोन आठवड्यांत या मोऱ्यांतून गर्भनिरोधक गोळ्या वाहून जातात (नको असलेली दिवस राहण्याची बातमी अशीही येते), मधुमेहाच्या काही गोळ्या कमी पडतात, रक्त पातळ करणारं वॉरफरिन पुरत नाही. डॉक्टर मग वॉरफरिनचा डोस वाढवतात. ते बरोबरच असतं. खरी धास्ती टीबीचा कोर्स संपल्यावरची. रिफाम्पिसिन बंद झालं की दोनेक आठवड्यांत नव्या मोऱ्या बुजतात, वाढवलेला वॉरफरिनचा डोस तसाच चालू राहतो आणि हिरड्यांतून रक्त यायला लागतं. कोर्स संपला म्हणून पेढे वाटण्याच्या आनंदात रक्त किती पातळ झालंय हे सांगणारी आयएनआर तपासणी राहून जाते.

आता गिरणी. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेल्या माणसाच्या हातात हॉस्पिटलमधून घरी सोडताना जी चिठ्ठी पडते, तिच्यावर अ‍ॅस्पिरिनबरोबर बऱ्याचदा क्लोपिडोग्रेल असतं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून. हे औषध गव्हाच्या जातीचं. गोळी पोटात गेल्यावर तिचा साधारण ८५ टक्के भाग दुसरंच एक एन्झाइम परस्पर निकामी करून टाकतं. उरलेला १५ टक्के यकृताच्या गिरणीत दोनदा दळला जातो, तेव्हा कुठे खरं औषध तयार होतं. त्या दळणात २सी१९ चा वाटा मोठा.

आणि इथे आपलं नशीब आडवं येतं. २सी१९ च्या जनुकाची एक बिघडलेली आवृत्ती आहे. एकच अक्षर बदललेलं, पण त्यामुळे एन्झाइम अर्धवटच बनतं. युरोपीय लोकांत दर शंभर प्रतींमागे साधारण पंधरा अशा असतात. भारतीय उपखंडात तीस-पस्तीस. प्रत्येकाकडे दोन प्रती असल्यामुळे गणित असं होतं की आपल्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे निदान एक बिघडलेली प्रत आहे आणि दर आठ-दहा जणांमागे एकाकडे दोन्ही. दोन्ही बिघडलेल्या म्हणजे ही गिरणी जवळपास बंद. २०१० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, तो अशाच माणसांसाठी.

त्याच पत्रकात आणखी एक सूचना आहे: ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल बरोबर घेणं टाळा. या पित्ताच्या गोळ्या. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही सुरू असताना पोटातून रक्तस्राव होऊ नये म्हणून डॉक्टर स्वतःच पित्ताची गोळी देतात, आणि ती द्यायलाच हवी. पण ओमेप्राझोलची मोरी कोणती? तीच, २सी१९. ओमेप्राझोल तिथे जागा अडवून बसतं आणि क्लोपिडोग्रेलचं दळण रखडतं. पँटोप्राझोल त्या मानानं बाजूला राहतं, म्हणून हृदयविकाराच्या चिठ्ठ्यांवर बहुधा तेच दिसतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रयोगशाळेत प्लेटलेटवर दिसणारा हा परिणाम माणसांच्या मोठ्या चाचणीत तितका ठळक दिसला नाही. ओमेप्राझोल दिलेल्या गटात हृदयाचे झटके वाढलेले आढळले नाहीत, पोटातला रक्तस्राव मात्र कमी झाला. त्यामुळे कुणी वाचून घाबरून पित्ताची गोळी बंद करू नये. बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरी घ्यावी, एवढंच.

याच जनुकाची दुसरी बाजू पाहा. ज्याची २सी१९ मंद आहे, त्याच्या अंगात ओमेप्राझोल साचून राहतं आणि त्याची पित्ताची गोळी इतरांपेक्षा छान लागू पडते. एकाच माणसाला एका चिठ्ठीवरचं एक औषध नेहमीपेक्षा जास्त आणि दुसरं नेहमीपेक्षा कमी. मोरी तुंबलेली आणि गिरणी बंद, कारण दोन्हीची मोटर एकच.

मला या सगळ्यातून जे सांगायचंय ते इथे येतं. जनुकातला फरक आणि औषधांची आपापसातली भांडणं हे आपण दोन वेगळे विषय समजतो. एक प्रयोगशाळेचा, दुसरा मेडिकलवाल्याचा. एन्झाइमच्या बाजूने पाहिलं तर तो एकच विषय आहे. ओमेप्राझोल घेणारा, जनुकं उत्तम असलेला माणूस काही काळापुरता थोडाफार मंद माणूस होतो. रिफाम्पिसिन घेणारा काही महिन्यांपुरता जलद होतो. जनुक जन्माचं, औषध उसनं. यकृताला त्यातला फरक दिसत नाही.

दुसऱ्या एन्झाइमवर, म्हणजे २डी६ वर, हे फार स्पष्ट दिसतं. १९७५ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर रक्तदाब उतरवणारं डेब्रिसोक्विन स्वतः घेऊन पाहिलं. बाकीच्यांना काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब इतका उतरला की त्यांना उभं राहता येईना. पुढे कळलं की त्यांची २डी६ जन्मतःच बंद होती. स्वतःच्या चक्करेतून त्यांनी एक संशोधनशाखा उभी केली म्हणायला हरकत नाही. हेच एन्झाइम कोडीन दळून त्याचं मॉर्फिन करतं. बंद असेल तर कोडीननं दुखणं थांबत नाही. काहींकडे या जनुकाच्या जादा प्रती असतात, उत्तर आफ्रिका आणि इथिओपियाकडे अशी माणसं बरीच. त्यांच्यात मॉर्फिन एवढ्या झपाट्याने तयार होतं की टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेल्या काही मुलांचा श्वास थांबून जीव गेला. २०१७ पासून अमेरिकेत बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला मनाई आहे.

स्तनाच्या कर्करोगानंतर काही बायकांना पाच-दहा वर्षं टॅमॉक्सिफेन घ्यावं लागतं. तेही गहूच, आणि गिरणी २डी६. या गोळीमुळे अंगातून गरम वाफा येतात, मन उदास होतं, झोप उडते. त्यावर कुणी पॅरॉक्सेटिन हे उदासीवरचं औषध लिहून दिलं तर वाफा कमी होतात, पण पॅरॉक्सेटिन २डी६ जवळपास बंद पाडतं. बाईंची जनुकं उत्तम असूनही गिरणीला टाळं. यावर उपाय सोपा आहे, या एन्झाइमच्या वाटेला न जाणारं दुसरं औषध निवडायचं. पण त्यासाठी मनाच्या डॉक्टरांना कर्करोगाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिसायला हवी. आपल्याकडे ती फाइल कपाटात असते आणि ‘त्या आजाराचा याच्याशी काय संबंध’ म्हणून बाई सांगत नाहीत.

खाण्यातूनही असं घडतं. १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली एका रक्तदाबाच्या औषधावर दारूचा परिणाम पाहत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध अपेक्षेच्या कितीतरी वर गेलं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. आतड्यातलं ३ए४ तो रस निकामी करतो. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं खात नाहीत, पण गणपतीच्या सुमारास बाजारात येणारं पपनस त्याचं जन्मदातं. संत्र्याशी संकर होऊन ग्रेपफ्रूट जन्मलं. तेच घटक पपनसातही असतात. किडनी बदललेला माणूस सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसवर असेल तर प्रसादातल्या पपनसाच्या चार फोडी त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. रक्तदाबाची वगैरे औषधं रोज घेणाऱ्यांनीही एकदा विचारून घ्यावं, बाकीच्यांनी खुशाल खावं.

मग तपासणी करून घ्यावी का? गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा किंवा थोडं रक्त पुरतं, आणि ती मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते. निकाल आयुष्यभर बदलत नाही. पण ‘सगळी जनुकं पाहून औषधांचा पूर्ण तक्ता’ विकणाऱ्या जाहिरातींबद्दल माझं मत बरं नाही. साध्या क्रोसिनसाठी किंवा अमॉक्सिसिलिनसाठी त्या तक्त्याचा काही उपयोग नाही. उपयोग ठरावीक जागी आहे: स्टेंट बसवल्यावर, विशेषतः गुठळीचा धोका जास्त असेल तर, रक्ताचा कर्करोग किंवा आतड्याच्या आजारात अ‍ॅझाथायोप्रिन, मर्कॅप्टोप्युरिन सुरू करण्याआधी (आपल्या आशियाई लोकांत एन-यू-डी-टी-१५ या जनुकातल्या दोषामुळे या औषधांनी पांढऱ्या पेशी धोकादायक उतरू शकतात), आणि घरात कुणाला भूल उतरायला तासनतास लागले असतील तर सख्ख्या भावंडांनी, कारण प्रत्येक भावंडाला तोच दोष असण्याची शक्यता चारात एक. स्टेंटच्या बाबतीतही मतं एकमुखी नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जनुक पाहून औषध निवडल्यावर हृदयाचे त्रास सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, तरी आधी ठरवलेल्या काटेकोर कसोटीला हा फरक थोडक्यात उतरला नाही. दुसरी गोळी, टिकाग्रेलोर, दळावी लागत नाही. पण ती दिवसातून दोनदा घ्यायची, रक्तस्राव जास्त, आणि महाग.

जनुकांची चाचणी महागडी आहे, पिशवीची चाचणी फुकट आहे. माझ्याकडे एक काका दर महिन्याला येतात. स्टेंट बसवून दोनेक वर्षं झाली. परवा त्यांना म्हटलं, काका, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, जुन्या-नव्या, आयुर्वेदिक, शेजाऱ्यानं दिलेल्या, सगळ्या. पिशवीतून हृदयाच्या डॉक्टरांचं पँटोप्राझोल निघालं, आणि त्याखालून ओमेप्राझोलच्या दोन पट्ट्या, गावातल्या दवाखान्यातून आणलेल्या. “ती सकाळची पित्ताची, ही रात्रीची पित्ताची,” काका म्हणाले. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. दोन मिनिटं बोलणं झालं, ओमेप्राझोलच्या पट्ट्या माझ्याकडे राहिल्या, आणि काकांनी विचारलं, उरलेल्या गोळ्यांचे पैसे परत मिळतील का.